संकेतस्थळांच्या आज्ञावली-भाषा : निवडीचा इतिहास

संकेतस्थळाच्या वाचकापुढे जे पान येते, ते बहुधा आधीपासून तयार करून ठेवलेले नसते. वाचकाची मागणी दूरच्या एका संगणकाकडे जाते. तो संगणक साठविलेल्या माहितीतून हवे ते शोधतो, मागणाऱ्याचा अधिकार तपासतो, पान रचतो आणि परत पाठवितो. या संगणकास सर्व्हर व त्याला दिलेल्या आज्ञांच्या क्रमवार संचास आज्ञावली किंवा प्रोग्रॅम म्हणतात. आज्ञावली कोणत्या भाषेत लिहावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तंत्रज्ञांचा वाटतो. प्रत्यक्षात भाषेच्या अंगच्या गुणांपेक्षा हाताशी कोणते यंत्र आहे, ती भाषा जाणणारी माणसे कोठे मिळतील आणि लिहिलेले पुढे कोण दुरुस्त करणार, या गोष्टींनीच ही निवड बहुतेक वेळा ठरविली आहे. चुकलेल्या निवडीची किंमतही निवड करणाऱ्यापेक्षा त्याच्या मागून येणाऱ्यांनीच अधिक मोजलेली आहे.

यंत्राला आज्ञा लिहून देण्याची कल्पना संगणकाहून जुनी असून तिचे एक ठळक रूप सोलापुरात पाहावयास मिळते. या शहरात १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली. गिरण्यांच्या जोडीने तेथे हातमाग व पुढे यंत्रमाग वाढले आणि तेलंगणातून येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांनी त्या धंद्याला आकार दिला. सोलापुरी चादर म्हणून जे जाड सुती वस्त्र सर्वत्र प्रसिद्ध आहे व ज्याला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले आहे, त्याची नक्षी जकार्ड यंत्रणेवर उतरते. नक्षी प्रथम चौकटीच्या कागदावर काढतात. त्यावरून जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना छिद्रे पाडून त्या एकापुढे एक ओवतात. मागावर बाण्याच्या प्रत्येक फेऱ्यास एक पट्टी पुढे येते. जेथे छिद्र असेल तेथील ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथे तो खाली राहतो. नक्षी बदलावयाची झाल्यास माग मोडावा लागत नाही, पट्ट्यांची माळ बदलली की पुरते. फ्रान्समधील लीआँ येथील झोझेफ मारी जकार्ड (१७५२–१८३४) यांनी १८०४ च्या सुमारास ही यंत्रणा सिद्ध केली. त्याआधी बूशाँ, फाल्काँ व व्होकाँसाँ यांनी छिद्रित कागदाचे व पट्ट्यांचे प्रयोग केले होते. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी याच पट्ट्यांची योजना केली आणि १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन होलेरिथ यांची यंत्रे छिद्रित कार्डांवर चालली.

जकार्डची एक मर्यादा येथे लक्षात घेण्याजोगी आहे. ठराविक हुकांच्या जकार्डसाठी कापलेली माळ निराळ्या रचनेच्या जकार्डवर चालत नाही. नक्षी तीच असली, तरी पट्ट्या नव्याने कापाव्या लागतात. पहिल्या पिढीतील संगणकांचीही हीच अडचण होती. प्रत्येक संगणकाची यंत्रभाषा वेगळी असल्यामुळे यंत्र बदलले, की आज्ञावली निरुपयोगी होई. १९५७ मध्ये आयबीएम कंपनीतील जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी फोर्ट्रान ही भाषा उपलब्ध केली, तेव्हा ही गाठ प्रथमच सैल झाली. माणसाने गणिती सूत्रांशी मिळतीजुळती भाषा लिहावी आणि कंपायलर या अनुवादक प्रोग्रॅमने तिचे त्या त्या यंत्राच्या भाषेत रूपांतर करावे, अशी तिची योजना होती. व्यापारी हिशेबांसाठी कोबॉल ही भाषा १९५९-६० मध्ये आली. भाषा यंत्रापासून सुटी झाली, तेव्हाच ‘कोणती भाषा’ हा प्रश्न खऱ्या अर्थाने निर्माण झाला.

महाराष्ट्रात तो मुंबईत पुढे आला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये सुरू झाला होता. १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६०० हा मोठा संगणक बसविण्यात आला व देशातील अन्य संस्थांनाही तो वापरावयास मिळू लागला. संशोधक फोर्ट्रानमधील आज्ञा छिद्रित कार्डांवर उतरवीत व कार्डांचे गठ्ठे यंत्राकडे देत. एक कार्ड जागचे हलले तरी सारी आज्ञावली बिघडे. पट्ट्यांची माळ ओवताना हाच धोका सोलापूरच्या कारागिरालाही सांभाळावा लागे.

सामान्य माणसाचा दूरच्या संगणकाशी पहिला मोठा संबंध आला तो रेल्वेच्या आरक्षणामुळे. १९८५ मध्ये नवी दिल्ली येथे सीएमसी या सरकारी कंपनीने तयार केलेली संगणकीय आरक्षण-व्यवस्था सुरू झाली व क्रमाने ती मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद या केंद्रांवर पसरली. १९९९ मध्ये ही पाचही केंद्रे एकमेकांस जोडली गेली. सोलापूर हे मध्य रेल्वेच्या एका विभागाचे मुख्यालय असून मुंबई–चेन्नई मार्गावर आहे. तेथील खिडकीवरून कोणत्याही केंद्राच्या गाडीचे आरक्षण मिळू लागले, ते या जोडणीमुळे. या व्यवस्थेचा गाभा फोर्ट्रान व सी या भाषांत लिहिलेला होता. वैज्ञानिक आकडेमोडीसाठी जन्मलेल्या फोर्ट्रानची तिकिटांसाठी योजना करणे आज चमत्कारिक वाटते. तथापि त्या काळी हाती आलेल्या व्हॅक्स जातीच्या संगणकांवर त्या भाषेचा कंपायलर परिपक्व होता आणि ती जाणणारे अभियंतेही देशात उपलब्ध होते. निवड पुस्तकी निकषांवर झाली असती, तर कदाचित ती वेगळी झाली असती. ती अधिक चांगली ठरली असती असे मात्र म्हणता येत नाही. २००२ मध्ये रेल्वेचे तिकीट संकेतस्थळावरून मिळू लागले, तेव्हा हा गाभा फेकून देण्यात आला नाही. त्याच्यापुढे नव्या भाषांतील नवा दर्शनी भाग उभा करण्यात आला.

संकेतस्थळांचा काळ : स्वित्झर्लंडमधील सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ ते १९९१ या काळात वर्ल्ड वाइड वेबची उभारणी केली. तेथील सर्व्हरचा प्रोग्रॅम सी भाषेत होता, परंतु तो प्रामुख्याने तयार पानेच पाठवीत असे. १९९३ मध्ये सीजीआय हा संकेत रूढ झाला आणि वाचकाच्या मागणीनुसार सर्व्हरने एखादा प्रोग्रॅम चालवून त्याचे उत्तर पानाच्या रूपाने पाठविण्याची सोय झाली. या कामी लॅरी वॉल यांची पर्ल ही भाषा (१९८७) सर्वाधिक वापरली गेली. ती संकेतस्थळांसाठी निर्माण झालेली नव्हती. मजकुरातून हवे ते शब्द वेचणे व त्यांची फेरमांडणी करणे तिला सोपे जाई आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या व्यवस्थापकांना ती आधीच अवगत होती, एवढेच. प्रत्येक मागणीसाठी नवा प्रोग्रॅम सुरू करून तो संपवावा लागत असल्यामुळे गर्दी वाढली, की ही पद्धत दमून जाई.

१९९५ हे वर्ष या इतिहासात विलक्षण दाटीचे आहे. रासमुस लेरडॉर्फ यांची पीएचपी, सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीची जावा, नेटस्केपमधील ब्रेंडन आइक यांची जावास्क्रिप्ट आणि जपानमधील युकिहिरो मात्सुमोतो यांची रूबी, या चारही भाषा त्या एका वर्षात लोकांपुढे आल्या. भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले तेही १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पीएचपीचा आरंभ अगदी घरगुती होता. आपल्या वैयक्तिक पानासाठी लेरडॉर्फ यांनी सी भाषेत लिहिलेल्या लहान साधनांतून ती वाढत गेली. तिच्या रचनेतील विसंगतींवर विद्वानांनी पुष्कळ टीका केली व ती बरीचशी योग्यही आहे. तरीही सर्व्हरची भाषा ओळखता येते अशा संकेतस्थळांपैकी बहुसंख्य आजही पीएचपीवर चालतात. याचे कारण भाषेपेक्षा भाड्याच्या जागेत शोधावे लागते. पीएचपीचा प्रोग्रॅम मागणी आली की जागा होतो व उत्तर देऊन मोकळा होतो. त्यामुळे एकाच संगणकावर शेकडो ग्राहकांची संकेतस्थळे अल्प दरात ठेवता येतात. जावाचा प्रोग्रॅम सतत चालू ठेवावा लागतो व त्याला स्वतःसाठी पुरेशी स्मृती अडवून ठेवावी लागते. बँका, विमा कंपन्या व मोठी सरकारी कामे यांनी जावा पत्करली. तिची काटेकोर बांधणी व निरनिराळ्या यंत्रांवर चालण्याची क्षमता त्यांना मोलाची होती, आणि खर्चाची त्यांना तितकीशी चिंता नव्हती. आधार क्रमांकाच्या व्यवस्थेत, जिचा आरंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे झाला, जावा व तिच्याभोवतीची मुक्त साधने यांना प्रमुख स्थान मिळाले. सोलापूरसारख्या शहरातील चादरींचा व्यापारी, महाविद्यालय किंवा सहकारी संस्था यांच्यापुढे मात्र हा पर्याय क्वचितच खुला असतो. वर्षाचे भाडे किती आणि बिघाड झाल्यास गावात कोण येईल, हे दोन प्रश्न सुटले की निवडही सुटते.

भाषांतराचा एक बोलका दाखला विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशाचा आहे. १५ जानेवारी २००१ रोजी तो पर्लमधील एका तयार प्रोग्रॅमवर सुरू झाला. त्यात प्रत्येक लेख स्वतंत्र फाइलीत ठेवला जाई. लेखांची संख्या वाढली तशी ही मांडणी अपुरी पडू लागली. माग्नुस मान्स्के या जर्मन विद्यार्थ्याने पीएचपीमध्ये, माहिती-कोठाराच्या आधारावर चालणारा नवा प्रोग्रॅम लिहिला व जानेवारी २००२ पासून तो वापरात आला. त्याच वर्षी ली डॅनियल क्रॉकर यांनी तो पुन्हा लिहिला. मीडियाविकी म्हणून पुढे प्रसिद्ध झाली ती हीच परंपरा. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला तो याच पायावर. पर्लच्या जागी पीएचपी आल्याने सुधारणा झाली असे सांगितले जाते, पण खरा लाभ भाषाबदलापेक्षा फाइलींच्या जागी माहिती-कोठार आल्याचा होता. भाषा बदलण्याच्या निमित्ताने मांडणी बदलते आणि श्रेय भाषेला मिळते, असे या क्षेत्रात वारंवार घडलेले दिसते.

वेगाचा वाद : कोणती भाषा वेगवान, यावर जेवढी चर्चा झाली तेवढी अन्य कोणत्याही मुद्द्यावर झालेली नाही. वस्तुतः सर्व्हरचा बराचसा वेळ काम करण्यात जात नाही, वाट पाहण्यात जातो. आषाढी एकादशीच्या सुमारास पंढरपूरच्या दर्शनाची नोंदणी हजारो लोक एकाच वेळी करू पाहतात, अशी कल्पना केल्यास हे स्पष्ट होईल. प्रत्येक भाविकाचे नाव तपासणे हे क्षणाचे काम असते. परंतु त्या दिवशीच्या कोणत्या वेळेस जागा शिल्लक आहे हे माहिती-कोठाराला विचारून उत्तर येईपर्यंत आज्ञावली थांबून राहते. प्रत्येक भाविकामागे एक कारकून बसवावा, तर कारकुनांनाच जागा पुरत नाही. एकाच कारकुनाने एकाचा अर्ज आत पाठवून उत्तर येईतो दुसऱ्याचा अर्ज घ्यावा, ही दुसरी रीत. २००९ मध्ये रायन डाल यांनी पुढे आणलेल्या नोड या साधनाने ही दुसरी रीत लोकप्रिय केली व तोवर प्रामुख्याने वाचकाच्या पडद्यावर चालणारी जावास्क्रिप्ट सर्व्हरवर रुळविली. त्याच वर्षी गूगल कंपनीने जाहीर केलेल्या गो या भाषेत असे असंख्य हलके कारकून भाषेनेच पुरविलेले आहेत. तथापि माहिती-कोठारच मंद असेल, तर कोणत्याही भाषेतील आज्ञावली मंदच राहते.

अतिविशाल संकेतस्थळांचा अनुभव याहून निराळा आहे. २००६ मध्ये सुरू झालेल्या ट्विटरची रचना रूबीमध्ये होती. रूबीवरील रेल्स या आराखड्यामुळे ती थोडक्या दिवसांत उभी राहिली, परंतु वाढत्या गर्दीपुढे तिचे महत्त्वाचे भाग क्रमाक्रमाने स्काला व जावा या भाषांत हलवावे लागले. फेसबुकने उलट मार्ग पत्करला. लक्षावधी ओळींची पीएचपी टाकून देण्याऐवजी त्या कंपनीने २०१० मध्ये पीएचपीचे सी++ मध्ये रूपांतर करणारा अनुवादक तयार केला आणि २०१४ मध्ये हॅक ही पीएचपीपासून निघालेली नवी भाषा जाहीर केली. भाषा बदलण्यापेक्षा भाषाच दुरुस्त करणे स्वस्त पडते, असा हा हिशेब होता. अर्थात तो परवडणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत. या दोन्ही उदाहरणांचा आधार घेऊन लहान संस्थांना सल्ले दिले जातात, हे मात्र विपरीत होय.

दुरुस्तीचा भार : आज्ञावली एकदा लिहिली जाते, पण वाचली व दुरुस्त केली जाते ती पुढे वर्षानुवर्षे. जुन्या कोबॉल आज्ञावल्यांत वर्षाचे केवळ शेवटचे दोन अंक साठविलेले असत. २००० सालापूर्वी ते शोधून सुधारण्याचे प्रचंड काम जगभर निघाले आणि त्याचा मोठा वाटा भारतीय कंपन्यांकडे आला. तरीही कोबॉल संपली नाही. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे बेकारभत्त्याचे अर्ज वाढले, तेव्हा अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या राज्यपालांना कोबॉल जाणणाऱ्यांनी मदतीस यावे असे जाहीर आवाहन करावे लागले. भाषा जिवंत असूनही तुटक होऊ शकते, याचे उदाहरण पायथनचे आहे. खीदो व्हान रॉसम यांच्या या भाषेची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली. दुसऱ्या आवृत्तीत लिहिलेल्या आज्ञावल्या तीवर जशाच्या तशा चालत नव्हत्या. हा संधिकाल १ जानेवारी २०२० रोजी दुसऱ्या आवृत्तीचा आधार काढून घेईपर्यंत, म्हणजे अकरा वर्षे लांबला. भारत सरकारने २०१५ मध्ये सरकारी व्यवस्थांत मुक्त आज्ञावल्यांना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले, त्यामागे खर्चाइतकाच हा विचार होता, की एका विक्रेत्याच्या मर्जीवर दुरुस्ती अवलंबून राहू नये. परंतु आज्ञावली मुक्त असली, तरी ती वाचणारा माणूस लागतोच. सोलापुरात १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय असून २००४ मध्ये जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. तेथे शिकून तयार झालेल्यांपैकी अनेकांची नोकरीची वाट पुण्याकडे जाते. ज्या तरुणाने एखाद्या संस्थेचे संकेतस्थळ हौसेने नव्या भाषेत उभारले तो गाव सोडून गेला, की ते संकेतस्थळ कोणालाही हात न लावता येण्याजोगे होऊन बसते. जुन्या व सर्वांना येणाऱ्या भाषेची निवड अशा ठिकाणी आळसाची मानली जाते, ती तशी नेहमीच नसते.

देवनागरीचा प्रश्न : पाश्चात्त्य ग्रंथांत भाषानिवडीचे जे निकष दिलेले असतात, त्यांत लिपीचा उल्लेख क्वचितच आढळतो. मराठी मजकूर हाताळणाऱ्यास तो टाळता येत नाही. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे काम पुढे नेले. इस्की या भारतीय संकेतप्रणालीच्या पायावर युनिकोडमधील देवनागरीची मांडणी झाली. आज संकेतस्थळांवर युनिकोडचे यूटीएफ-८ हे रूप सर्वत्र वापरतात. त्यात रोमन अक्षराला एक बाइट, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात.

‘सोलापूर’ हा शब्द घेतल्यास वाचणाऱ्याला त्यात सो, ला, पू, र अशी चार अक्षरे दिसतात. युनिकोडच्या दृष्टीने मात्र स, ओकार, ल, आकार, प, ऊकार व र अशी सात चिन्हे आहेत आणि साठवणीत त्यांचे एकवीस बाइट होतात. शब्दाची लांबी विचारल्यास पीएचपी व गो या भाषा एकवीस असे उत्तर देतात. जावा, जावास्क्रिप्ट व पायथनची तिसरी आवृत्ती सात सांगतात. स्विफ्ट व एलिक्सर यांसारख्या अलीकडील भाषा चार सांगतात. हा केवळ कौतुकाचा भाग नाही. अर्जातील नावासाठी वीस बाइटांची मर्यादा ठेवली, तर शेवटचा ‘र’ अर्धवट कापला जाऊन त्याजागी निरर्थक खूण उमटते. पाच चिन्हांची मर्यादा ठेवली, तर ‘सोलाप’ असा शब्द उरतो व तो चुकीचा आहे हे यंत्राला कळत नाही. रेशनच्या वा मतदारांच्या यादीत असे तुटलेले नाव ज्याच्या वाट्याला येते, त्याला आपली ओळख पटवून देताना होणारा त्रास खरा असतो. पीएचपीच्या सहाव्या आवृत्तीत युनिकोड मुळापासून आणण्याचा बेत होता. तो फार अवघड ठरल्यामुळे २०१० मध्ये सोडून देण्यात आला व सहाव्या क्रमांकाची आवृत्ती कधी निघालीच नाही. तेव्हापासून पीएचपीत देवनागरी मजकूर मोजावयाचा वा कापावयाचा असल्यास निराळी कार्ये मुद्दाम वापरावी लागतात, आणि नवशिका ती विसरतो. सोलापुरात मराठीच्या जोडीने कानडी, तेलुगू व उर्दूही नांदतात. कानडी व तेलुगू चिन्हांना तीन, तर उर्दूच्या बहुतेक चिन्हांना दोन बाइट लागतात. शिवाय उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. एकाच नोंदवहीत ही चारही भाषांतील नावे यावयाची असतील, तर बाइट मोजणाऱ्या आज्ञावलीचा अंदाज प्रत्येक भाषेला निराळा चुकतो.

अनुक्रमाचाही असाच घोळ होतो. मराठी वर्णमालेत ळ हा वर्ण ह नंतर येतो, तर युनिकोडमध्ये तो ल च्या लगेच पुढे व च्या आधी ठेवलेला आहे. त्यामुळे राज्यातील तालुक्यांची यादी संकेतांच्या क्रमाने लावल्यास सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस हे पुणे जिल्ह्यातील मावळच्या आधी येते. मराठी कोशात शोधणारा त्याला मावळच्या नंतर शोधतो. योग्य क्रम लावणारी आयसीयू ही मुक्त साधनसामग्री सी, जावा, पीएचपी इ. भाषांतून वापरता येते. मात्र कोणत्याही प्रचलित भाषेत हा क्रम आपोआप लागू होत नाही. आज्ञावली लिहिणाऱ्याने तो मराठीसाठी म्हणून स्वतंत्रपणे मागावा लागतो.